दोन गावांची बाई

(सावनेर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



  सावनेरला बोलायला आलेला प्रत्येक वक्ता गडकऱ्यांपासून सुरुवात करतो, हे मला ठाऊक आहे. तुमचे कान किटले असतील. तरी मी तेच करणार, कारण माझा विषय त्यांच्याच एका बाईपासून सुरू होतो.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला या गावात गेले. वय अवघं ३३. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलेलं पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. त्यातली सिंधू आपल्या लक्षात राहिली ती सोशिक पत्नी म्हणून. मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवलं, म्हणून असेल, मला तिच्या सोशिकपणाआधी तिचं जातं दिसतं. नवऱ्याची वकिली दारूत बुडाली तेव्हा ही खात्यापित्या घरची लेक लोकांचं दळण आणून चूल पेटवते. भांडवल म्हणजे जातं आणि दोन हात; गिऱ्हाईक म्हणजे शेजारपाजार. याला आज आपण घरगुती उद्योग म्हणतो आणि त्याचं प्रमाणपत्र देतो. पण पुढचं बघा. तिचं माहेर सधन आहे, भाऊ हात द्यायला तयार आहे, आणि ती मदत नाकारते. नवऱ्याच्या मानासाठी. ज्या माणसांच्या आधारानं ती तरली असती, त्यांचा सर्वांत भक्कम दोर ती आपल्याच हातानं कापते. नाट्यगृहात या जागी रुमाल निघतात. मला मात्र वाटतं, बाईनं तो दोर कापलाच पाहिजे ही रीत घातली कुणी, हे एकदा विचारायला हवं.

आजचा माझा विषय खेड्यातली धंदा करणारी बाई आणि तिची माणसं, हा आहे. तिची माणसं म्हणजे शेजारीण, जाऊ, नणंद, गटातल्या बाया, बाजारातली ओळखीची बाई, माहेरची वहिनी. पैसा कमी असतो तिथं माणसंच भांडवलाचं काम करतात. त्यासाठी मी तुम्हांला थोडं लांब, पश्चिम आफ्रिकेत नेणार आहे. तिथल्या खेड्यांत बाजार बाईच्या हातात आहे आणि तो शेकडो वर्षं आहे. परतीच्या वाटेवर आपण केळवद, लोधीखेडा आणि सौंसरला थांबू.

नायजेरियाच्या आग्नेय भागात इग्बो लोक राहतात. त्यांचा आठवडा चार दिवसांचा. एके, ओरिए, आफो, न्क्वो ही दिवसांची नावं आणि तीच बाजारांचीही. आपला बाजार आठ दिवसांनी भरतो, त्यांचा चौथ्या दिवशी, आजच्या गावाला आज तर शेजारच्या गावाला उद्या. तिथं बसणाऱ्या, विकणाऱ्या, भाव पाडणाऱ्या बहुतेक बाया. नोव्हेंबर १९२९ मध्ये तिथल्या ओलोको नावाच्या गावात इंग्रज सरकारनं नेमलेल्या प्रमुखाचा माणूस माणसं आणि शेळ्यामेंढ्या मोजत फिरू लागला. न्वान्येरुवा नावाची विधवा त्या वेळी ताडतेल काढत होती. तिच्याही घरात तो मोजायला शिरला. आदल्याच वर्षी पुरुषांवर कर बसला होता, तोही अशाच मोजणीनंतर. आता बायांची पाळी, हे तिनं ओळखलं. ती ओरडत बाजाराकडे गेली. तिथून ताडाची पानं गावोगाव निघाली. ज्या बाईच्या हाती पान येईल तिनं ते पुढच्या बाईकडे पोचवायचं, एवढाच नियम. काही दिवसांत हजारो बाया रस्त्यावर उतरल्या. सरकारनं गोळीबार केला, पन्नासहून अधिक बाया मारल्या गेल्या. इंग्रजांनी त्याला दंगल म्हटलं. त्या बायांच्या नाती अजून त्याला बायांचं युद्ध म्हणतात.

ना तार, ना टपाल. मग पान इतक्या लांब, इतक्या वेगानं गेलं कसं? ज्युडिथ व्हॅन ॲलन या अभ्यासिकेनं १९७२ मध्ये याचा उलगडा केला. इग्बो मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते. गावातल्या साऱ्या बायका म्हणजे वेगवेगळ्या गावांहून आलेल्या सुना. त्यांची एक सभा असते. पण त्या प्रत्येकीची आणखी एक सभा असते, तिच्या जन्मगावची. तिथल्या सगळ्या लेकी, लग्न होऊन कुठंही गेलेल्या असोत, ‘उमुआदा’ म्हणून ओळखल्या जातात. मयतीला, तंट्याला, भावाभावांच्या भांडणाला त्या एकत्र येतात आणि त्यांचा शब्द पुरुषांनाही ऐकावा लागतो. म्हणजे प्रत्येक बाई दोन सभांची सभासद. पुरुष एका गावात जन्मतो आणि त्याच गावात मरतो. त्याची भाऊबंदकी खोल असते, पण एकाच विहिरीत. बाईची मुळं दोन गावांत. ताडाचं पान या दुहेरी मुळांवरून गेलं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं आणि ‘माहेरवाशीण’ हा शब्द मोठ्यानं उच्चारून पाहिला. केवढा गोड शब्द! त्याच्यावर आपण किती ओव्या रचल्या! हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आणि भाऊ हा केवढा मोठा प्रांत आहे. पण आपल्याकडे माहेरवाशीण ही एकटी असते. ती सणाला येते, चार दिवस राहते, साडीचोळी घेऊन डोळे पुसत परत जाते. एका गावच्या साऱ्या लेकींची सभा, तिला शब्द, तिला अधिकार, असं काही आपण घडवलं नाही. शब्द आहे, संस्था नाही.

लग्नानं बाई उखडली जाते, हे आपण नेहमी बोलतो आणि ते खरंच आहे. सातबाऱ्यावर नाव नाही, ओळखीचं अंगण नाही. पण त्याच लग्नानं ती दोन गावं जोडते. गावातल्या एखाद्या पुरुषाला विचारा, शेजारच्या तालुक्यात रात्री बारा वाजता दार ठोठावावं असं घर कोणतं? तो थोडा विचार करील आणि बहुतेक वेळा बायकोच्या माहेरचं नाव सांगेल! इरावती कर्व्यांनी १९५३ च्या त्यांच्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिणेच्या मधला प्रदेश मानलं आहे. उत्तरेत मुलगी अनोळखी, दूरच्या घरी देतात. दक्षिणेत नात्यातच देतात. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची मोकळीक आहे, म्हणजे सासू कधी कधी सख्खी आत्या निघते. याचा अर्थ आपल्या बाईची दोन गावं एकमेकांना पूर्ण परकी नसतात. एका एस.टी.च्या तिकिटावर असतात.

तिकिटावरून आठवलं. सावनेरचं तिकीट जरा निराळं आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. सावनेर आणि सौंसर एकाच राज्यात होते. त्या दिवशी रेष आली. सावनेर इकडे, सौंसर तिकडे. सौंसर आता पांढुर्णा जिल्ह्यात आहे, आणि तो जिल्हा २०२३ मध्ये झाला. पण लोधीखेडा, सौंसर, रामाकोना इथल्या घरांत मराठी बोलतात आणि लेकी रेषेच्या दोन्ही बाजूंना देतात. माझं माहेर त्याच बाजूचं. छोटी गाडी नागपूरहून निघून इथून, केळवदवरून, लोधीखेडा-सौंसर करत छिंदवाड्याला जायची, तेव्हा डब्यात निम्म्या माहेराला निघालेल्या बाया असत आणि त्यांच्या मांडीवर पिशव्या. ती नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस बंद झाली. मोठी लाईन यायला वर्षं गेली. मधल्या काळात किती पिशव्या घरीच राहिल्या असतील, याचा हिशेब रेल्वेच्या कोणत्या अहवालात नाही.

मार्च २०२३ पासून राज्यात एस.टी.त बायांना अर्धं तिकीट झालं. माहेरी जाणं स्वस्त झालं, ही मला त्या योजनेची सर्वांत मोठी कमाई वाटते. पण सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. सावनेरच्या ज्या सुनेचं माहेर काटोलला, तिचं जाणं अर्ध्या पैशात. जिचं सौंसरला, तिच्या तिकिटात मध्येच १९५६ येतं.

आता पिशवीत काय असतं ते सांगते. उन्हाळ्याची कामं तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. शेवया, कुरड्या, मुंगवड्या, उडदाचे पापड, सरगुंडे. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. लाटायला दहा हात आणि बोलायला दहा तोंडं. हे काम एकटीचं नाहीच. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले; त्याचं पुढं लिज्जत झालं, हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. लाटायला एकाच इमारतीतल्या शेजारणी पुरल्या. विकायला मात्र भुलेश्वरचा एक ओळखीचा व्यापारी लागला. शेजारीण पापड लाटू लागेल, विकत घेणार नाही. तिच्या घरीही पापड आहेतच!

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये हीच गोष्ट नोकरीच्या बाबतीत सांगितली. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीनं नोकरी मिळवलेल्या माणसांना त्यानं विचारलं, की ज्यानं ही नोकरी सुचवली तो तुम्हांला कितीदा भेटायचा? वरचेवर भेटणारा होता असं फक्त १६.७ टक्के म्हणाले. अधूनमधून, असं ५५.६ टक्के. क्वचितच, असं २७.८ टक्के. जवळच्या माणसाला जे माहीत असतं ते आपल्यालाही असतंच. नवी बातमी लांबची ओळख आणते. खेड्यातल्या बाईला ही लांबची ओळख कुठून मिळायची? ती तालुक्याच्या चौकात उभी राहत नाही, पानठेल्यावर थांबत नाही, खरेदी-विक्री संघाच्या निवडणुकीत फिरत नाही. तिच्यासाठी लांबची ओळख एकच. माहेर. आणि माहेरच्या वहिनीचं माहेर.

मग ती पिशवी माहेरी विकते का? मी कितीतरी जणींना विचारलं. उत्तर एकाच चालीचं येतं. एकीनं मला जवळजवळ रागावून सांगितलं, “माहेरात नेऊन इकू? लोकं काय म्हनतीन वं बाई, पोरीच्या घरी खायाले नाही म्हून पापड इकाले आली!” पिशवी जाते, पण भेट म्हणून जाते. वहिनी ती घेते आणि निघताना ओटी भरते. दोन्हीकडून माल हलला, पैसा मात्र हलला नाही. सिंधूचा दोर अजून कापलेलाच आहे. १९१९ मध्ये तो नवऱ्याच्या मानानं कापला, आज बाई तोच मान आपलाच समजते.

आफ्रिकेत असं नाही, असं म्हणून मी तुम्हांला सोडणार नाही. तिथं उलटी अडचण आहे. पश्चिम आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी नवरा-बायकोचा बटवा वेगळा असतो. बुर्किना फासोत तर शेताचे तुकडेही वेगळे. आणि ख्रिस्तोफर उड्री यानं १९९६ मध्ये दाखवून दिलं की बाईच्या तुकड्यावर खत कमी पडतं, मजूर कमी लागतात आणि पीकही कमी येतं. वेगळा बटवा असला तरी नातेवाइकांचा हात त्यात शिरतोच. घानामध्ये ‘सुसु’वाला बाजारात रोज फिरतो. बाई त्याच्याकडे दररोज ठरावीक रक्कम देते, महिन्याच्या शेवटी तो सारी परत करतो आणि एका दिवसाची रक्कम स्वतःची मजुरी म्हणून ठेवतो. म्हणजे व्याज मिळण्याऐवजी बाई पैसे ठेवण्याचे पैसे मोजते. बँकेच्या दृष्टीनं हे वेडेपण आहे. पण घरात ठेवलेला पैसा पुतण्याच्या फीला, दिराच्या मोटारसायकलीला जातो, हे तिला माहीत आहे. आपली भिशीही शेवटी हेच करते. भिशीला द्यायचे आहेत, हे नवऱ्याला चालणारं कारण आहे.

त्याहून गमतीची गोष्ट कॅमेरूनची. २०११ मध्ये बालाँ, गिरकिंगर आणि माली या तिघांनी तिथल्या पतसंस्थांचे हिशेब पाहिले. काही सभासदांनी कर्ज काढलेलं, आणि त्याच संस्थेत त्यांची तेवढीच बचत पडलेली! व्याज भरायचं, पण बचत मोडायची नाही. का? विचारल्यावर सभासदांनीच सांगितलं. डोक्यावर कर्ज दिसलं की नातेवाईक मागायला येत नाहीत. गरिबीचं सोंग आणायला काढलेलं कर्ज. म्हणून माणसांचं जाळं म्हणजे नुसता आधार, असं गोड बोलणाऱ्यांपासून जरा सावध राहा. जाळं धरतं, आणि धरूनही ठेवतं.

आता आपल्या बचत गटांकडे. इतिहास थोडक्यात उरकते, कारण तो तुम्ही जगला आहात. महिला आर्थिक विकास महामंडळ, आपलं माविम, २४ फेब्रुवारी १९७५ चं. नाबार्डनं १९९२ मध्ये ५०० गट बँकेला जोडून पाहण्याचा प्रयोग केला. २०११ पासून राज्याचं उमेद अभियान. गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ. नियमित बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशेब. सावनेर तालुक्यात आज असं गाव शोधावं लागेल जिथं एखाद्या बाईला पंचसूत्री पाठ नाही. नायजरमध्ये १९९१ साली मारादी भागात ‘केअर’ या संस्थेनं असेच गट सुरू केले, हौसा भाषेत ‘माता मासू दुबारा’. त्या धर्तीवर पुढं आफ्रिकाभर पसरलेल्या गटांची पेटी प्रसिद्ध आहे. तिला तीन कुलपं आणि किल्ल्या तीन वेगळ्या बायांकडे. विश्वास आहे, म्हणून कुलूप नको, असं त्या म्हणत नाहीत. कुलूप आहे म्हणून विश्वास टिकतो, हे त्यांना कळलं आहे.

आपल्या गटात एक गोष्ट फार चांगली झाली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू असतं, वाण लुटलं जातं. गावच्या बायांचं ते सर्वांत जुनं जाळं. पण त्याच्या दारात विधवा उभी राहू शकत नव्हती. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्यानं त्याची दखल घेतली. गटानं हे ठराव न करता आधीच केलं होतं. वहीत कुंकू विचारायचा रकाना नाही, म्हणून ती सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसली.

जवळच्या मैत्रिणीचं बळ काय असतं, तेही गटानं दाखवलं. त्याचा पुरावा अहमदाबादेत मिळाला. सेवा बँकेच्या सभासद बायांना धंद्याचं दोन दिवसांचं शिक्षण दिलं. काहींना एकटीला बोलावलं, काहींना मैत्रीण घेऊन या म्हटलं. एरिका फील्ड, सीमा जयचंद्रन, रोहिणी पांडे आणि नतालिया रिगोल यांचा हा २०१६ चा अभ्यास. एकटीनं शिकलेल्यांत फारसा फरक पडला नाही. मैत्रिणीबरोबर शिकलेल्या पुढं जास्त काम करू लागल्या, धंद्यासाठी कर्ज घेऊ लागल्या, घरचं उत्पन्न वाढलं. ज्या घरांत बाईवर बंधनं जास्त, तिथं हा फरक जास्त. शिक्षण तेच, शिक्षक तेच. शेजारी बसलेली बाई तेवढी बदलली.

पण सतरंजीवरच्या त्याच बाया गळ्याचा फासही होतात. खासगी कर्जवाल्या कंपन्यांनी हे नेमकं ओळखलं. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा. मग वसुलीला अधिकारी यायची गरजच उरत नाही, शेजारीणच दारात येऊन बसते. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आंध्र सरकारला याच्यावर वटहुकूम काढावा लागला. नोटाबंदीनंतरच्या हिवाळ्यात आपल्या विदर्भातही बायांनी हप्ते भरायचे नाकारले, मोर्चे काढले. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये नियम केला की कुटुंबाचे सारे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाऊ नयेत. ज्या ओळखीनं कर्ज मिळालं, तीच ओळख तारण ठेवलेली होती. कर्ज बुडालं तर कंपनीचं पुस्तक बिघडतं. बाईचं शेजारघर बिघडतं. ते कुठल्या नियमानं दुरुस्त होत नाही.

या सगळ्यात माझी तक्रार वेगळीच आहे आणि ती कुणी करत नाही, म्हणून मी करते. आपला गट एका आळीतल्या सुनांचा असतो. त्यावरचा ग्रामसंघ एका गावाचा. त्यावरचा प्रभागसंघ शेजारच्या गावांचा. सगळी बांधणी सासरच्या नकाशावर. मध्य प्रदेशाचं आजीविका अभियान निराळं, त्यामुळे सौंसरच्या गटाशी केळवदच्या गटाचं नातं कागदावर शून्य. लाटायला हे जाळं उत्तम आहे. विकायला नाही. एका गावातले सहाही गट पापडच करतात आणि एकमेकींना विकू शकत नाहीत. मग वर्षातून एकदा मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात कुणाला तरी जागा मिळते, तिथं सिंधुदुर्गची बाई भेटते, नंबर घेतले जातात. ती ओळख खरी, पण ती सरकारनं आणून दिलेली आहे. स्वतःच्या पायानं चालत जाता येईल अशी दूरची ओळख जिच्याकडे जन्मापासून आहे, तिच्या त्या वाटेकडे कुणी बघतच नाही.

टोगोच्या लोमे शहरातल्या कापडवाल्या बायांनी दूरच्या ओळखींकडे बघितलं. ‘नाना बेंझ’ म्हणतात त्यांना, कारण धंद्यावर त्यांनी मर्सिडीज गाड्या घेतल्या. डच कारखान्याचं रंगीत छापील कापड घ्यायचं, एकेका नक्षीचा हक्क एकेकीकडे, आणि तिथून ते खेड्यातल्या बाजारांपर्यंत लहान विक्रेतींच्या हाती उधारीवर जायचं. पण खरी करामत नावांची. कारखान्यातून कापड नुसत्या क्रमांकानं यायचं, बायांनी त्याला नावं दिली. एका नक्षीचं नाव ‘माझा नवरा कर्तबगार’, दुसरीचं ‘तू बाहेर गेलास तर मीही जाईन’, तिसरीचं ‘सवतीचा डोळा’! हे कापड नेसून बाई नवऱ्यासमोरून नुसती चालत गेली की निरोप पोचला. आपल्या उखाण्यांची धाकटी बहीणच म्हणा. नाव बाजारात फिरलं की कापड त्याच्यामागून फिरतं. जानेवारी १९९४ मध्ये त्यांच्या चलनाची किंमत एका रात्रीत निम्मी झाली, नंतर चिनी नकला आल्या, आणि नाना बेंझचं राज्य गेलं. नावं मात्र अजून चालतात.

तुम्ही म्हणाल, आता व्हॉट्सॲप आहे, माहेर कशाला हवं? दिवाळीत फराळाच्या ताटाचा फोटो स्टेटसला ठेवला की ऑर्डर येते. येते, हे खरं. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के बायांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता, आणि त्यात साधे फोनही आले. बाजारात बायांच्या दुकानांवरचे क्यूआर कोड कधी निरखून बघा. वडे ती तळते, पैसे आल्याचा आवाज डब्यातून येतो, आणि नाव नवऱ्याचं किंवा पोराचं. शिवाय स्टेटस बघतं कोण? नंबर ज्यांच्याकडे आहे ते. आणि तिच्या फोनमधली निम्मी नावं बघा, ‘माई’, ‘वैनी’, ‘मोठी मामी’. फोन आला तरी जाळं तेच, वाट तेवढी वेगळी.

अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्थर दुफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन यांनी कर्नाटकातल्या खेड्यांत एक साधा प्रश्न विचारला. गावात एखादी बातमी पोचवायची तर ती कुणाला सांगावी? लोकांनी जी नावं सांगितली, तीच माणसं खरोखर बातमी सर्वांत लांब पोचवणारी निघाली. सरपंच, शिक्षक, सावकार ही ती नावं असतीलच असं नाही. गावाला आपलं जाळं ठाऊक असतं. आपण विचारत नाही.

म्हणून मागच्या उन्हाळ्यात मी विचारलं. इथून फार लांब नसलेल्या एका गावात गटाची बैठक होती. वहीत नाव, नवऱ्याचं नाव, बचत, कर्ज असे रकाने होते. मी म्हटलं, आज प्रत्येकीनं आणखी एक गोष्ट लिहायची. माहेर. आधी हसू झालं, मग एकेक गाव येऊ लागलं. खापा, मोहपा, काटोल, पारशिवनी, लोधीखेडा, रामाकोना, पांढुर्णा. मी फळ्यावर ठिपके काढत गेले. रामाकोन्याची म्हणाली, आमच्याकडे मुंगवड्या करत नाहीत बाया आता, वेळच नाही कुणाला. खाप्याची म्हणाली, आमच्याकडे विणकरांच्या घरी लग्नसराईत शेवयांची कुणाला तरी सांगावंच लागतं. स्वतःच्या माहेरात विकायची लाज होती, पण दुसरीच्या माहेरात? तिथं ती कुणाचीच लेक नव्हती. पाच मिनिटांत ठरलं. रामाकोन्याचा माल खाप्यावाली नेईल आणि खाप्याचा रामाकोन्यावाली. ओळख माहेरवाल्या बाईची, पिशवी दुसरीच्या हातात. कॅमेरूनच्या बाया कर्जामागं लपतात, या एकमेकींच्या मागं लपल्या. मी शिकवायला गेले होते, वही मिटून बसले.

फळ्यावर एकच नाव राहिलं. पन्नाशीची बाई, कोपऱ्यात. आत्याच्या घरी दिलेली. मी विचारलं, तुमचं माहेर?

“हेच गाव न मावशी. याच गावची पोरगी अन् याच गावची सून. मले कोन्याई घरी जायाले पदर लागत नाही, मी साऱ्या गावात फिरतो.” मग सगळ्यांकडे बघून म्हणाली, “पन नवऱ्यासंग भांडण झालं त रुसून जायाले मले गाव नाही.”

बाया खूप हसल्या. मग तिचं नाव त्यांनीच सुचवलं. दोन्हीकडून आलेल्या पिशव्या उतरतील तिच्याच ओसरीवर, कारण तिच्याकडे सगळ्या आळींच्या बाया येतात-जातात. तिनं मान हलवली आणि पहिला प्रश्न विचारला, “हिशेबाची वही कोन देईन?”